थंड झाल्यावर बघू

ती घोंगडी आता माझ्या खुर्चीवर असते. काळी, खरबरीत, एका कडेला उसवलेली. कंबर धरली की पाठीमागं घेते, नाही धरली तरी घेते. गिऱ्हाईक विचारतं, मॅडम, ऐन मे महिन्यात घोंगडी? मी म्हणते, असू द्या. दिवसभर एवढ्या लोकांना एवढं समजावून सांगावं लागतं की घोंगडीबद्दल सांगायचं त्राण उरत नाही.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका गॅरेजात मी पुढच्या टेबलावर बसते. आमच्याकडं फक्त ऑटोमॅटिक गाड्या येतात, म्हणजे डाव्या पायाला काम नसलेल्या. घेणाऱ्याला वाटतं, क्लच नाही म्हणजे कटकट नाही. क्लच असतो. आत असतो, दिसत नाही इतकंच. गियरचा दांडा 'डी'वर, म्हणजे पुढं जायच्या खुणेवर, टाकला की तेलाचा दाब तयार होतो, तो दाब आतल्या प्लेटा एकमेकींवर दाबतो, गाडीला बारीकसा हिसका बसतो आणि ती निघायला तयार होते. हे सगळं पापणी लवायच्या आत व्हावं लागतं. तसं होईनासं झालं की लोक आमच्याकडं येतात, माझ्यासमोर बसतात आणि सगळे एकच वाक्य बोलतात: 'मॅडम, गियर टाकतो, पण गाडी घेतच नाही. मग एकदम घेते.' हे वाक्य मी इतकं ऐकलंय की झोपेतसुद्धा माझ्या तोंडून निघत असेल.

त्यावर आमच्या मामांचं उत्तर ठरलेलं होतं. 'थंड झाल्यावर बघू.'

मामा म्हणजे आमचे गियरबॉक्सचे मिस्त्री. माझे कुणी लागत नव्हते, गॅरेजातल्या कुणाचेच लागत नव्हते, पण मालकापासून गाड्या धुणाऱ्यापर्यंत सगळे मामाच म्हणायचे. उंच, वाळलेले, डोक्याला बारा महिने मफलर. गाडीतलं तेल बोटावर घेऊन वास घ्यायचे आणि बोट मिशीला पुसायचे, त्यामुळं मामा जवळून गेले की जळक्या तेलाचा वास यायचा. चहाही गरम पीत नसत. कपातला बशीत, बशीतला परत कपात, असं करत त्याच्यावर साय धरेपर्यंत थांबायचे. मी एकदा म्हटलं, 'मामा, मग सरबतच मागवत जा ना.' तर म्हणाले, 'ताई, गरम चहा कळत नाय. नुसतं भाजतंय. साखर हाय का नाय ते गार झाल्यावर कळतंय.'

गाडी आली की तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. गाडी लांबून चालत आलेली असते, तेल तापलेलं असतं, तेव्हा ती आजार लपवते. रात्रभर उभी करायची, सकाळी मामा येईपर्यंत कुणी किल्ली फिरवायची नाही. आणि कुणी फिरवू नये म्हणून ते आपली घोंगडी त्या गाडीच्या स्टिअरिंगवर टाकून जायचे. ही घोंगडी त्यांच्या वडलांची; तीच पुढं त्यांनी माझ्या खुर्चीवर आणून टाकली. कुठल्या गाडीत घोंगडी दिसली की मालकसुद्धा तिच्याकडं बघून पुढं जायचा. एकदा नवीन आलेल्या धुणाऱ्या पोरानं गाडी धुवायला म्हणून जराशी पुढं घेतली आणि परत जागेवर लावली. सकाळी मामांनी फरशीवरची ओल बघितली, टायरकडं बघितलं. घोंगडी परत स्टिअरिंगवर टाकली आणि माझ्याकडं येऊन म्हणाले, 'गिऱ्हाइकाला सांगा, उद्या.'

गिऱ्हाइकाला सांगायचं कुणी? मी. 'उद्या' हा शब्द गोड करून सांगायचा पगार मला मिळतो. समोरचा चिडतो, 'अहो काल सोडली ना गाडी, नुसती बघायची तर आहे.' मी पाण्याचा ग्लास पुढं करते. मामांनी माझ्या नोकरीतलं किती आयुष्य त्या एका शब्दात खर्च करायला लावलं, देवालाच ठाऊक. आणि तिकडं मामा निवांत बशीवर फुंकर मारत बसलेले असायचे.

हे खूळ त्यांनी कुठून आणलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. मामांचं गाव कन्नडकडं, घाटाच्या वरच्या अंगाला. घरी मेंढरं. वडील वर्षातले बरेच महिने कळप घेऊन रानोमाळ. लहानपणी मामा त्यांच्याबरोबर असायचे. वडलांची शिस्त अशी की उजाडायच्या आधी वाडग्याजवळ, म्हणजे मेंढरं कोंडायच्या कुंपणाजवळ, जाऊन उभं राहायचं आणि मेंढरं उठताना बघायचं. चालत्या मेंढरात लंगडं कळत नाही, कळपाच्या रेट्यानं तेही चालतं. उठताना जे मागं राहतं, जे पुढचे पाय टेकून क्षणभर तसंच थांबतं, ते आजारी. त्याच्या खुरात काटा तरी असतो नाहीतर अंगात ताप तरी.

'गाडीचं बी तसंच हाय,' मामा म्हणायचे. 'उठताना बघावं.'

त्यामुळं सकाळी गॅरेज उघडलं की आधी मामांची ती पूजा. घोंगडी काढून खांद्यावर घ्यायची, गाडीत बसायचं, काच खाली करायची, ब्रेकवर पाय, किल्ली. इंजिन जरा स्थिर होऊ द्यायचं. मग दांडा 'डी'वर टाकायचा आणि तोंडानं हलक्या आवाजात मेंढरं उठवायची 'हुर्रर्र' अशी हाक द्यायची. हाक संपायच्या आत गाडीनं हिसका दिला तर गाडी चोख. हाक संपली आणि गाडी नुसती गुरगुरत राहिली तर आजारी. घड्याळ नाही, काही नाही. आमचा स्कॅनरवाला मुलगा हुशार आहे, तो लॅपटॉप लावून दाबाचे आकडे काढायचा, आणि पुष्कळदा मामांच्या आधी त्याला कळायचं. मामांचं त्याच्याशी भांडण नव्हतं. म्हणायचे, 'मशीन खोटं बोलत नाय. पण तुम्ही इचाराल तेवढंच सांगतं.'

एक बांधकामवाला यायचा, गळ्यात जाड साखळी, बोलण्यात घाई. त्याची मोठी गाडी सकाळी गियर टाकल्यावर घेत नव्हती, आणि हा गडी ती घ्यावी म्हणून वरून ॲक्सिलरेटर दाबायचा. म्हणजे प्लेटा अजून नीट दाबलेल्या नाहीत आणि इंजिन जोरात, त्यात त्या घासून जळतात. मामांनी त्याला सकाळी बोलावून शेजारी बसवलं. दांडा टाकला. गाडी गप्प. याचा पाय आपोआप हलायला लागला, गाडी मामा चालवत असूनही.

मामा म्हणाले, 'साहेब, सकाळी उठल्याबरोबर तुम्हाला कुणी म्हणलं पळा, तर पळता का?'

'मी? मला उठवायलाच बायकोला तीनदा हाक मारावी लागते.'

'मंग हिला एकदाच मारा आन दम धरा. उठती ती.'

तेवढ्यात गाडीनं हिसका दिला आणि बांधकामवाला हसला. उघडल्यावर आतली रबरी रिंग निघाली, जुनी होऊन कडक झालेली. गार असताना ती नीट फुगत नाही, बाजूनं तेल निसटतं, दाब उशिरा भरतो. गरम झाली की मऊ पडते आणि काम भागतं. मामांच्या नियमात चपखल बसणारा आजार. असे आजार बरेच असतात, त्यामुळं नियम बरीच वर्षं चालला.

पण मामांनी तो नियम गाड्यांपुरता ठेवला नाही. माणसांनाही लावला. आमच्याकडचे दोन मेकॅनिक एकदा कसल्याशा पान्यावरून एकमेकांच्या अंगावर गेले. एक दुसऱ्याच्या आईपर्यंत पोचला होता. मामांनी मधे येऊन घोंगडी त्यांच्यामधल्या टेबलावर टाकली. म्हणाले, 'उद्या.' दोघंही घोंगडीकडं बघत राहिले. त्यातला एक जुन्या शहरातला, तो पुटपुटला, 'मामू ने हमको भी गाडी समझ लिया.' दुसरा हसला आणि भांडण तिथंच मोडलं. दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवतसुद्धा नव्हतं. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आमच्या भांडणात पण एखादी घोंगडी पाहिजे. तो म्हणाला, आपल्याकडं चादर आहे, चालेल का?

सगळ्यांना मौज वाटायची. मलाही. ती दुपार येईपर्यंत.

होळी होऊन थोडेच दिवस झाले होते. भर दुपारी, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली जाऊन पडतात त्या वेळेला, एक बाई रिक्षातून उतरली. हातात कापडाची पिशवी. तिला बघताच मी ओळखलं, मामांची लेक. मामांना ही एकच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरीला त्यांनीच वाढवलं आणि हर्सूलला दिलं. लग्नात आम्ही सगळे जेवून आलो होतो. तेव्हा गोबरी होती. आता गालफडं बसलेली. मी तिला बसवलं, पाणी दिलं. ग्लास घेताना तिचे हात दिसले. एका हातात कोपराकडं चढलेल्या हिरव्या बांगड्या, दुसऱ्या हातात एकच बांगडी, आणि मनगटावर काचेचे ओरखडे. पाणी पिता पिताच ती बोलायला लागली होती. 'ताई, मी आता तिकडं जाणार नाही. तो हात उचलतो. सासू बघत बसते. अप्पांना बोलवा ना.'

मामा आतून हात पुसत आले. लेकीकडं बघितलं. ती उठली, 'अप्पा' म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. तिला खूप बोलायचं होतं, शब्द एकावर एक चढत होते. आणि मामांनी काय करावं? भिंतीच्या खिळ्यावरची घोंगडी काढली आणि तिच्या खांद्यावर घातली. त्या उन्हाळ्यात.

'आज काय बोलू नको, माय. रात जाऊ दे. सकाळी बोल.'

'अप्पा, ऐका तरी.'

'सकाळी ऐकतो.'

मला राहवलं नाही. मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, 'मामा, तिच्या हाताकडं बघा.' ते म्हणाले, 'बघितला. म्हणून तर म्हणतो. तापलेलं माणूस जास्तीचं बोलून जातं, ताई. मंग ते परत घेता येत नाय. संसार हाय तिचा.' मी म्हटलं, 'अहो ही गाडी नाही.' वाईट मनानं करत नव्हते ते, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आईविना वाढवलेली पोर, तिचं काही मोडू नये म्हणून जपत होते. त्यानंच माझा जास्त संताप झाला. वाईट माणसाला शिव्या तरी देता येतात.

तिला त्यांनी रिक्षात घालून आपल्या खोलीवर पाठवलं, चिकलठाणा गावातच राहायचे ते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे आले. चेहरा मोकळा. मी विचारायच्या आत म्हणाले, 'गेली परत. पहाटं उठली, झाडलोट केली, भाकऱ्या टाकल्या. मी म्हणलं, आता सांग, काय झालतं? तर म्हणती, काय नाय अप्पा, जाते. बघा, काय नव्हतं. रातीत निवली.' मग घोंगडी खिळ्यावर अडकवत म्हणाले, 'चोख हाय पोर.'

चोख. गाडीला म्हणायचे तोच शब्द. मी त्या दिवशी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नसेल.

मे उजाडला. उस्मानपुऱ्यातल्या एक दातांच्या डॉक्टर बाई आमच्या गिऱ्हाईक होत्या, जुनी पांढरी गाडी, स्वतः चालवायच्या. तक्रार तीच, गियर टाकते पण घेत नाही, मग एकदम उसळते. मामा म्हणाले, थंड झाल्यावर बघू. घोंगडी पडली. सकाळी पूजा झाली, हाक संपायच्या आधीच हिसका. तेलही चांगलं, लाल. 'चोख हाय,' मामा म्हणाले. स्कॅनरवाल्या मुलालाही त्यात काही सापडलं नाही. बाई गाडी घेऊन गेल्या. आठवड्याच्या आत परत आल्या, तीच तक्रार. परत घोंगडी, परत सकाळ, परत चोख. मामा मला म्हणाले, 'बाईंचा वहीम हाय. गाडीत काय नाय.' मी तसंच, जरा साखर लावून, बाईंना सांगितलं.

तिसऱ्यांदा त्या गाडी घेऊन आल्याच नाहीत. रिक्षानं आल्या. माझ्यासमोर बसल्या आणि किल्ली टेबलावर ठेवली. औरंगपुऱ्यात गर्दीत अडकल्या होत्या. जरा मागं घेऊन परत 'डी' टाकला, गाडी घेईना. मागून हॉर्न. घाबरून त्यांनी पाय दाबला आणि नेमकी तेव्हाच गाडीनं घेतलं. समोर आंबेवाल्याचा हातगाडा होता. गाडा आडवा झाला, आंबे रस्ताभर. आंबेवाला वेळेवर बाजूला सरला म्हणून वाचला, पायाच्या अंगठ्यावर निभावलं. गाडी तिथंच एका ओळखीच्या दुकानापुढं लावून त्या आल्या होत्या.

मामा बाजूलाच उभे होते. म्हणाले, 'पण बाई, म्या दोनदा सकाळच्या पारी बघितली. चोख हाय.'

बाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. अगदी दमलेल्या आवाजात म्हणाल्या, 'तुम्ही सकाळी बघितलीत. सकाळी मला काहीच त्रास होत नाही हो. मी दुपारी सांगते आहे, तर तुम्ही दुपारी का बघत नाही?'

मामा पंख्याखाली उभे राहून मिशीवरून नुसतं बोट फिरवत राहिले. मग किल्ली उचलून मला म्हणाले, 'ताई, चला. तुम्ही शेजारी बसा.'

गाडी आणायची होतीच, आणि बाईंनीही हो म्हटलं, हवी तेवढी चालवून बघा. आम्ही रिक्षानं औरंगपुऱ्यात गेलो. ऊन असं की डोळे उघडत नव्हते. मामांनी गाडी चालू केली आणि त्या गर्दीत मुद्दाम हिंडवायला लागले. थोडं पुढं, थांबा, थोडं मागं, पुढं. मी घामानं भिजले होते, सकाळचा डबा तसाच होता, मनात म्हणत होते, आता बस करा. गाडी चांगली तापली. एका दुकानापुढं त्यांनी मागं घेतली आणि 'डी' टाकला. सवयीनं हाक दिली. हाक संपली. गाडी जागची हलली नाही. त्यांनी ब्रेक दाबूनच ठेवला होता. मागून हॉर्न, कुणीतरी 'चलो चाचा' म्हणून ओरडलं. आणि मग धाडकन हिसका बसला.

नंतर उघडल्यावर समजलं, आत एक सील इतकं झिजलं होतं की तेल तापून पातळ झालं की तिथून दाब गळून जायचा. गार घट्ट तेल गळत नाही, म्हणून सकाळी सगळं चोख.

पण ते नंतर. तिथं, हॉर्नच्या गदारोळात, मामा दांड्यावर हात ठेवून तसेच बसले. मला वाटलं त्यांना भोवळ आली. मग म्हणाले, 'ही दुपारची गाडी हाय.'

'व्हय,' मी म्हटलं. 'घ्या आता बाजूला.'

'ती बी दुपारीच आली व्हती.'

कोण ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मामा समोर बघत होते, काचेवर धूळ आणि तिच्यावर ऊन.

'हर्सूलला जाऊ या का, ताई?' असं त्यांनी मला विचारलं, जसं काही माझी परवानगी लागत होती. मी म्हटलं, 'बाई म्हणाल्यात ना हवी तेवढी चालवा. चालवा.'

दिल्ली दरवाज्यातून आम्ही हर्सूलला आलो. तिची गल्ली अरुंद, दोन्हीकडं लावलेल्या मोटारसायकली. गाडी दारापुढं उभी केली, इंजिन बंद केलं नाही. सासू दारात आली. आम्हाला बघून पदर सावरला. 'या व्याही, असे अचानक? बसा, चहा टाकते.'

'नको. लेकीला न्यायला आलोय.'

'आता? तो कामावर आहे. त्याला विचारल्याशिवाय कसं...'

'इचारा त्याला. आम्ही निघालो म्हणून सांगा.'

लेक आतल्या दारात उभी होती, हाताला कणीक. दंडावर, बाहीच्या खाली, पिवळी पडत चाललेली खूण होती. बापाला बघून हसली नाही, रडली नाही. नुसती बघत राहिली. मामा म्हणाले, 'माय, चल.'

'कुठं अप्पा?'

'गाडीत बस.'

तिला खरं वाटत नव्हतं. तिनं सासूकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. मागच्या वेळी ती पिशवी भरून आली होती. या वेळी पायात चपला घातल्या आणि कणकेच्या हातानं तशीच येऊन मागं बसली. सासू बडबडत बाहेर आली, 'हे बरं नाही व्याही, असं तापल्या डोक्यानं...' आणि फोन कानाला लावून मुलाला सांगायला लागली, ये लवकर, ये.

गल्लीत वळायला जागा नव्हती. मामांनी गाडी मागं घेतली, कोपऱ्यावर आणली, आणि 'डी' टाकला.

गाडीनं घेतलं नाही.

मी डोळे मिटले. म्हटलं, झालं. इंजिन गुरगुरत होतं, सासू गाडीजवळ येत होती, मागच्या सीटवर ती पोर काचेतून सासूकडं बघत होती आणि तिचा हात दाराच्या कडीवर गेला होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं ती उतरली असती. मामांना ते आरशात दिसत होतं. त्यांनी पाय दाबला नाही. हाकही दिली नाही. आरशातल्या लेकीला म्हणाले, 'बोल, माय. काय झालतं ते सांग. आत्ता सांग.'

तिचा हात कडीवरच होता. मग म्हणाली, अगदी साध्या आवाजात, 'सांगायलाच आले होते अप्पा, त्या दिवशी. तुम्ही घोंगडी घातलीत.'

गाडीला हिसका बसला. मामांनी ब्रेक सोडला आणि आम्ही गल्लीबाहेर पडलो.

आम्ही हमरस्त्याला लागलो. मग ती बोलायला लागली आणि थांबेना. पहिल्या दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं. मधे रडली, नाक पुसलं, परत सांगायला लागली. मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. त्यांच्या घराकडं वळायचं तिथं ते वळले नाहीत. सरळ जालना रोडनं पुढं गेले, केंब्रिज चौकातून बीड बायपासला लागले, पार पैठण रोडपर्यंत जाऊन परत फिरले. गाडी प्रत्येक सिग्नलला उशिरा घेत होती आणि मागचे लोक आम्हाला हॉर्न देत होते.

औरंगपुऱ्यातून आम्ही निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चिकलठाण्याला पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. तिचं बोलून संपेपर्यंत मामा एकदाही उद्या म्हणाले नाहीत.